एकाला जास्त झालं, एकाला कमी पडलं

वाचक ताईंचं पत्र, थोडं आखडतं घेऊन:

नमस्कार डॉक्टर, मी निफाड तालुक्यातून लिहिते आहे. आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. नोव्हेंबरात थ्रिप्ससाठी फवारणी करताना मिस्टरांना त्रास झाला. ब्लोअरचं नोझल चोकअप झालं म्हणून त्यांनी ते तोंडाने फुंकलं होतं, ड्रममधलं औषधही हातानेच ढवळलं होतं. तासाभरात घामाने निथळले, तोंडाला फेस, उलट्या, जुलाब, डोळ्यांपुढे धुकं. नाशिकला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, शरीरात अ‍ॅसिटिलकोलीन साचलंय. दुसऱ्या दिवशी ते बडबडायला लागले, चादर ओढायचे, हवेत काहीतरी पकडायचे, मला ओळखेनात. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आले, पण उशीवरून मान उचलेना. मग सहा दिवस व्हेंटिलेटर. आता घरी आहेत, हिंडतात-फिरतात, पण लवकर दमतात. दिरांनी बिल पाहिलं तर त्यात अ‍ॅट्रोपिनच्या १४० कुप्या. भावकी म्हणते, इंजेक्शनं मारून मारून माणूस वेडा केला आणि बिल वाढवायला मशीनवर टाकला. तक्रार करा म्हणतात.

दुसरं म्हणजे, सासऱ्यांना विसरण्याचा आजार आहे. सप्टेंबरपासून डोनेपेझिलची पाचची गोळी चालू होती. मेडिकलमध्ये कामाला असलेला भाचा म्हणाला, ही गोळी अ‍ॅसिटिलकोलीन वाढवते, म्हणजे त्या फवाऱ्यासारखीच. मी घाबरून दहा दिवसांपासून ती बंद केली, घरात कुणाला सांगितलं नाही. रात्री ते ओरडतात म्हणून दिवाळीपासून सर्दीची गोळी देते, तिने झोपतात. ज्या गोष्टीने एक मरता मरता वाचला तीच दुसऱ्याला औषध कशी? आणि मण्यांत पाणी उतरायला लागलंय, मिस्टर परत फवारणीला जायचं म्हणतात. जाऊ देऊ का? माझं तसं काही नाही. त्यांचे फवारणीचे कपडे धुतले की त्या दिवशी डोकं जड होतं, मळमळतं, पण ते नेहमीचंच.

---

ताई,

उत्तर लांबणार आहे, म्हणून आजची कामं आधी सांगते. सासऱ्यांची गोळी ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांना फोन करा आणि दहा दिवसांचा खंड पडलाय हे न लाजता सांगा. आपल्या मनाने बंद केलीत, आता आपल्या मनाने चालू करू नका. रात्रीची सर्दीची गोळी मात्र आजपासून थांबवा. कपड्यांबद्दल शेवटी लिहिते, पण तोवर फवारणीच्या कपड्यांना उघडा हात लावू नका.

तुमचा 'तीच गोष्ट औषध कशी' हा प्रश्न एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला तोंडी परीक्षेत विचारला तर निम्मी पोरं गडबडतील. तुम्हाला मात्र तो लवकर कळेल, कारण तुम्ही कांद्याला पाणी दिलेलं आहे.

दारं धरलंय ना कधी? पाटाने पाणी येतं, आपण फावड्याने दारं फोडतो, वाफा भरला की माती ओढून दारं बांधतो आणि पुढच्या वाफ्याला सरकतो. फोडायला काय, लहान पोरही फोडतं. कसब बांधण्यात आहे. बांधणारा झोपला तर एक वाफा फुटतो, दुसरा कोरडा राहतो आणि सकाळी शेजाऱ्याशी भांडण.

शरीरात मज्जातंतू म्हणजे पाट. मेंदूचा हुकूम विजेच्या रूपाने तंतूच्या टोकापर्यंत येतो आणि तिथे अडतो, कारण तंतू आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये फट असते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. वीज ही फट ओलांडू शकत नाही. म्हणून तंतूच्या टोकाशी इवल्या इवल्या पिशव्या भरून ठेवलेल्या असतात. एकेका पिशवीत अ‍ॅसिटिलकोलीन या निरोप नेणाऱ्या रसायनाचे हजारो रेणू. वीज आली की कॅल्शियम आत शिरतं, पिशव्या रित्या होतात आणि रेणू फटीत सांडतात. समोर स्नायूच्या अंगावर प्रथिनांची दारं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. रेणू तिथे जाऊन बसले की दारं उघडतं, सोडियम आत घुसतं, स्नायू आकसतो. दारं उघडं असतं ते सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकंच. तुम्ही हे वाचताना डोळे ओळीवरून सरकतायत, तेवढ्यात हे किती वेळा घडून गेलं याची मोजदाद नको.

आणि बांधणारा? तो त्या फटीतच मुक्कामाला असतो. नाव अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज, काम रेणू तोडायचं. याचा एकेक रेणू सेकंदाला अ‍ॅसिटिलकोलीनचे हजारो रेणू तोडतो. तुकड्यांतलं कोलीन तंतू परत आत ओढून घेतो आणि त्यातून नवा माल तयार करतो. (इथे माझी उपमा जरा लंगडते. हा गडी दाराला हात लावत नाही, दारं फोडणाऱ्यालाच संपवतो. पण वाफा फुटत नाही, हे खरं.)

मिस्टरांच्या अंगात जे गेलं ते लक्षणांवरून ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातलं दिसतं. हे विष नेमकं या बांधणाऱ्यावर बसतं आणि त्याचे हात जखडतं. अ‍ॅसिटिलकोलीन बाहेरून आलंच नव्हतं, ताई. ते मिस्टरांचं स्वतःचं होतं, रोजचं, तेवढंच. फक्त आवरणारा उरला नाही आणि सगळी दारं एकदम वाहायला लागली. किडीच्या शरीरातही हेच रसायन आणि हाच बांधणारा असतो, म्हणून थ्रिप्स मरतो. माणसाला आणि किडीला जोडणारं असं काहीतरी असावं हे मला अजूनही विचित्र वाटतं. जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशकं शोधत होता, १९३६ साली त्याच्या हाताला टाबून लागलं. ते पुढे युद्धातला विषारी वायू म्हणून तयार करण्यात आलं. ड्रममध्ये आपण हाताने ढवळतो ते त्याच कुळातलं, मवाळ भावंड.

आता मिस्टरांना एवढ्या तऱ्हा एकदम का झाल्या? घाम, फेस, जुलाब एकीकडे आणि मान न उचलणं दुसरीकडे. यासाठी दारांच्या दोन जाती समजायला हव्यात.

बाजरीच्या कणसावर अरगट हा बुरशीचा रोग पडतो, तो तुम्ही पाहिला असेल. त्याचा युरोपातला भाऊ राय नावाच्या धान्यावर पडतो. त्या अरगटाच्या अर्कात इंग्लंडच्या हेन्री डेल यांना अ‍ॅसिटिलकोलीन सापडलं. १९१४ साली त्यांनी लिहून ठेवलं की या पदार्थाची करणी दोन तऱ्हांची आहे. एक तऱ्हा तंबाखूतल्या निकोटिनसारखी, दुसरी एका विषारी अळंबीतल्या मस्करीनसारखी. म्हणून दारांची नावं पडली निकोटिनिक आणि मस्करिनिक. हे रसायन सजीवाच्या शरीरात खरोखर निरोप नेतं हे दाखवलं ऑटो लोवी यांनी, १९२१ साली, बेडकाच्या दोन हृदयांवर. एका हृदयाची नस (म्हणजे मज्जातंतू) छेडून त्याचा ठोका मंद केला आणि त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयाला दिलं. तेही मंदावलं. नस एकाची, परिणाम दोघांवर, म्हणजे पाण्यात काहीतरी उतरलं होतं. १९३६ चं नोबेल डेल आणि लोवी यांना मिळून मिळालं.

निकोटिनिक दारं मी वर सांगितलं तसं, फटकन उघडणारं. हातापायाच्या, मानेच्या, श्वासाच्या स्नायूंवर हे असतं. मस्करिनिकची तऱ्हा वेगळी. ते स्वतः उघडत नाही, ते उंबऱ्यावरून आत निरोप देतं आणि आतली माणसं आपापल्या घरच्या रीतीने काम करतात. म्हणून त्याच रसायनाने हृदय मंदावतं, पण आतडं जोरात चालतं, लाळ आणि घाम सुटतो, श्वासनळ्या आवळतात, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. निरोप एक, घरं निरनिराळी. मेंदूत दोन्ही जाती नांदतात.

आता बिलातल्या १४० कुप्यांकडे येते.

या विषबाधेत पहिल्या काही तासांत माणूस दगावतो तो बहुधा श्वास कोंडून. फुप्फुसं स्वतःच्याच पाण्याने भरतात. त्यावर उतारा अ‍ॅट्रोपिन. ते मस्करिनिक दारात जाऊन आडवं झोपतं. दारं उघडत नाही आणि दुसऱ्याला उघडूही देत नाही. किती द्यायचं याचं ठरलेलं माप नाही. सुरुवातीचा डोस दिल्यावर दर पाच मिनिटांनी दुप्पट करत जायचं, छातीतली घरघर थांबेपर्यंत. मी इंटर्न असताना आमचे सर म्हणायचे, "बाहुलीकडे काय बघतेस, काखेत हात घाल." काख कोरडी पडली की समजायचं, गाडी रुळावर आली. आपल्याकडे एका कुपीत साधारण ०.६ मिलिग्रॅम असतं. १४० कुप्यांचे झाले ८४ मिलिग्रॅम, तेही काही दिवसांत मिळून. नाडी मंद झालेल्या साध्या रुग्णाला सगळे मिळून ३ मिलिग्रॅमच्या वर सहसा देत नाहीत, त्यामुळे दिरांना आकडा राक्षसी वाटला यात नवल नाही. पण फवारणीच्या गंभीर विषबाधेत असे आकडे नेहमी दिसतात.

मग बडबड कशाने झाली? त्र्यंबकेश्वरला महाशिवरात्रीला आपण धोतरा वाहतो ना? त्या धोतऱ्यात जी द्रव्यं असतात त्यांतलं एक हेच अ‍ॅट्रोपिन. धोतऱ्याचं बी पोटात गेलेला माणूस कसा करतो हे जुन्या बायकांना विचारा. तोंड कोरडं ठाक, अंग तापलेलं, बाहुल्या विस्फारलेल्या, हवेतलं काहीतरी वेचत राहतो, घरच्यांना ओळखत नाही. फुप्फुसं कोरडी करायला जेवढं औषध लागतं, त्याच्या थोडं पुढे पाऊल पडलं की मेंदूतली दारंही अडतात आणि हे होतं. विषाचा मेंदूवरचा परिणाम त्यात मिसळलेला असू शकतो. डॉक्टर मग सलाईनमधून जाणारं औषध कमी करतात आणि भ्रम उतरतो, तसा तो उतरलाही. ते वेड नव्हतं आणि ते परत येणार नाही. (हे वाचून कुणी घरच्या घरी धोतऱ्याचा काढा उतारा म्हणून देऊ नये. त्यात किती काय उतरेल याचा नेम नसतो आणि एकाचे दोन रुग्ण होतात.)

आता तिसरा दिवस. भावकीचा खरा राग इथे आहे, की बरा होत असलेला माणूस मशीनवर का टाकला. अ‍ॅट्रोपिन फक्त मस्करिनिक दारात झोपतं. स्नायूंवरच्या निकोटिनिक दारांना ते हातही लावत नाही. तिकडे अ‍ॅसिटिलकोलीन तसंच तुंबलेलं. दारं दिवसभर उघडी राहिली की थकतात आणि मग कितीही बोलावलं तरी उघडत नाहीत. म्हणून घाम थांबतो, शुद्ध येते, घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि विषबाधेनंतर एक ते चार दिवसांच्या दरम्यान मान ढिली पडते. उशीवरून डोकं उचलता न येणं ही धोक्याची पहिली खूण, कारण मानेच्या मागोमाग श्वासाचे स्नायू जातात. यावर वेगळं इंजेक्शन नाही. स्नायू सावरेपर्यंत मशीनने श्वास द्यायचा, हाच उपचार. प्रालिडॉक्सिम नावाचं औषध बांधणाऱ्याचे जखडलेले हात सोडवू शकतं, पण ते लवकर द्यावं लागतं. वेळ गेला की गाठ पक्की होते. शिवाय प्रत्येकाला त्याचा गुण येतोच असं नाही.

मी तिथे नव्हते, त्यामुळे त्या हॉस्पिटलची वकिली करणार नाही. पण तुम्ही लिहिलेला क्रम, पहिल्या दिवशी पाणी, दुसऱ्या दिवशी भ्रम, तिसऱ्या दिवशी मान, हा या विषाचा ओळखीचा क्रम आहे. तिसऱ्या दिवशी मान पाहून कुणी वेळेत निर्णय घेतला म्हणून तुम्ही मला आज पत्र लिहू शकलात, असं माझं मत. तरी मनात किंतु असेल तर तक्रारीआधी केसपेपरची प्रत मागा. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत ती देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. दिरांना सोबत घेऊन त्या डॉक्टरांसमोर बसा आणि विचारा: अ‍ॅट्रोपिन कधी कमी केलं, मशीन लावताना श्वासाची काय अवस्था होती, कोलिनेस्टरेजची, म्हणजे त्या बांधणाऱ्याची, चाचणी केली का. पैशांचा हिशेब वेगळा मागा. तो औषधात मिसळू नका.

सासऱ्यांकडे वळते. भाच्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि अर्धं बरोबर असलेलं बोलणं फार त्रास देतं.

विसरण्याच्या या आजारात मेंदूच्या पुढच्या भागातल्या, अ‍ॅसिटिलकोलीन तयार करणाऱ्या पेशी झडत जातात. म्हणजे पाटच आटलाय. नवीन पाणी आणायची सोय आपल्याकडे नाही. मग एवढंच करता येतं की बांधणाऱ्याला म्हणायचं, बाबा, जरा दमाने बांध, आहे ते पाणी वाफ्यात थोडा वेळ ठरू दे. डोनेपेझिल हेच करतं. ते बांधणाऱ्याला धरतं, पण सोडतंही. आणि पाच मिलिग्रॅमच्या मापात. फवाऱ्यातलं विष त्याला असं जखडतं की बहुतेक वेळा शरीराला नवा बांधणारा घडवावा लागतो. जागा एकच, पकड वेगळी, माप वेगळं. हाच फरक तुमच्या घरात दोन खाटांवर दिसला.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. या गोळीने आजार थांबत नाही, काही जणांना काही काळ बरं जातं. तिचे त्रासही त्याच वळणाचे असतात, फक्त सौम्य: मळमळ, पातळ शौच, पायात गोळे, नाडी मंद होणं. चक्कर किंवा भोवळ आली तर वाट बघत बसायचं नाही, लगेच ईसीजी काढायचा. आणि भडक स्वप्नंही पडतात. रात्रीचं ओरडणं गोळी चालू झाल्यानंतरचं आहे का, आठवून बघा. तसं असेल तर डॉक्टरांना सांगा, कित्येकदा गोळी रात्रीऐवजी सकाळी दिली की भागतं.

तुम्ही मात्र त्यावर सर्दीची गोळी दिलीत. अशा बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं. ते गुंगी आणतं आणि मस्करिनिक दारं अडवतं, अ‍ॅट्रोपिनसारखंच, हलक्या हाताने. म्हणजे एका गोळीने पाणी ठरवायचं आणि दुसरीने दारं लावायचं. अशा वयात त्याने विसराळूपणा वाढतो, लघवी अडते, बद्धकोष्ठ होतं. पोटात मुरडा आला की लोक डायसायक्लोमिन घेतात, त्याचंही तेच. सासऱ्यांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. चिठ्ठीवर लिहिलेल्या आणि न लिहिलेल्याही. तुम्ही हे वाईट हेतूने केलं नाही, रात्ररात्र जागून माणूस काय करेल ते मला माहीत आहे. पण डॉक्टरांपासून लपवू नका.

आता मिस्टरांना जाऊ द्यायचं का? नाही. या हंगामात कीटकनाशकाच्या फवाऱ्याजवळही नाही.

ते चालतात-फिरतात याचा अर्थ बांधणाऱ्यांचा साठा भरला असा होत नाही. तो रक्ताच्या चाचणीत बघावा लागतो. कोलिनेस्टरेज दोन ठिकाणी मोजतात. रक्तद्रवातलं काही आठवड्यांत सावरतं, लाल पेशींतलं सावकाश, कारण लाल पेशी जुनी जाऊन नवी यायला हवी आणि तिचं आयुष्य १२० दिवसांचं असतं. साठा अर्धा असताना एरवी पचला असता तेवढा फवाराही पुन्हा आयसीयूत नेऊ शकतो. नोव्हेंबरपासून मोजलं तर मार्च उजाडतो. तेव्हा पुन्हा तपासा आणि खरड छाटणीच्या आधी, तो आकडा हातात घेऊन डॉक्टरांशी बोला. या काळात कसलंही ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्यांना ही विषबाधा आवर्जून सांगा. भुलीच्या वेळी स्नायू ढिले करायला जे एक औषध देतात ते याच बांधणाऱ्याच्या जातभाईने संपतं. तो कमी असला तर माणूस बराच काळ ढिला राहतो.

मग बाग कोण सांभाळणार, हे तुम्ही विचारणार. भुरीला गंधक मारलं, केवड्याला बोर्डो मारलं तर त्यांचा या बांधणाऱ्याशी संबंध नाही, पण तेही सध्या दुसऱ्याने केलेलं बरं. किडीसाठी काही लागलंच तर कृषी सहायकाला विचारून ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट हे बांधणाऱ्यावर बसणारे दोन गट टाळता येतात का बघा. काही नवी कीटकनाशकं बांधणाऱ्याला सोडून थेट निकोटिनिक दारावर बसतात. किडीच्या दारात ती घट्ट बसतात, आपल्या दारात सैल. मात्र मधमाशीच्या दारातही घट्टच बसतात. डब्यावरचा त्रिकोण बघायची सवय लावा: लाल सर्वांत जहरी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. आणि मजूर लावलात तर त्याच्याही हातात मोजे, तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा हवा. ढवळायला काठी, नोझलला ब्रश आणि पाणी. मध्येच तंबाखू मळायची नाही. २०१७ साली यवतमाळकडे कपाशीवर फवारताना जी माणसं गेली, त्यांत रोजाने आलेली माणसंही होती.

कुणाला त्रास झालाच तर त्याचे सगळे कपडे काढा, साबण-पाण्याने अंग आणि डोकं धुवा, तेही हातात मोजे घालून. ओकारी काढायला लावू नका, दूध-तूप पाजू नका. डाव्या कुशीवर झोपवा, १०८ ला फोन करा, डबा सोबत घ्या. फोनवर "औषध लागलं" म्हणू नका, "फवारणीचं विष" म्हणा. आपण शेतातल्या विषालाही औषध म्हणतो आणि रात्री दोनला फोन उचलणाऱ्या पोराला काही कळत नाही.

आणि आता ते कपडे. "माझं तसं काही नाही" असं लिहून तुम्ही जे लिहिलंय, ते मी तीनदा वाचलं. हे विष कातडीतून आत जातं, ओल्या कातडीतून जास्त. फवारणीच्या शर्टात ते मुरलेलं असतं, तुम्ही तो भिजवता, चोळता, पिळता. धुतल्या दिवशी डोकं जड, मळमळ आणि एरवी नाही, याला मी नेहमीचं म्हणणार नाही. थोडं थोडं तुमच्याही बांधणाऱ्यांना लागत असेल. फवारणाऱ्याने कपडे मळ्यातच उतरवावेत, तिथेच अंघोळ करावी आणि ते कपडे त्याने स्वतः धुवावेत. घरात आणायची वेळ आलीच तर वेगळी बादली, रबरी मोजे, गरम पाणी, साबण दोनदा, वाळवण उन्हात. पोराबाळांच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत आणि ते पाणी गोठ्याकडे किंवा विहिरीकडे सोडायचं नाही.

मिस्टरांची कोलिनेस्टरेज चाचणी करायला जाल त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, तुमचंही रक्त द्या आणि एक रिपोर्ट तुमच्या नावाचा घ्या. उपाशीपोटी जावं लागत नाही, सकाळची कामं उरकून गेलात तरी चालेल.